१०८०पी व्हिडिओचं ४के करणारं एआय अपस्केलिंग छोट्या चिपवर लाइव्ह कसं जमतं?

जड काम मोठ्या फ्रेमवर करायचंच नाही, ही मुख्य युक्ती. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेममागे जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणून सगळी कन्व्होल्यूशन्स (शेजारशेजारच्या पिक्सेलांवरची न्यूरल नेटवर्कची गणितं) १०८०पीवरच उरकतात. नेटवर्कचा शेवटचा लेयर (थर) प्रत्येक पिक्सेलमागे ४ आकडे देतो, ते २×२ चौकोनात मांडले की झालं ४के. नेटवर्कची वजनं (शिकलेले आकडे) ८ बिटची. बरेचदा नेटवर्कमधून फक्त ल्युमा (उजेडाची माहिती) जातो, रंगाला साधं बायक्युबिक (शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल काढण्याचं सूत्र) पुरतं.

खरी गोम मात्र मेमरीत आहे. प्रत्येक लेयरचा निकाल डीरॅममध्ये (चिपबाहेरच्या मेमरीत) लिहून परत वाचत बसलात तर बँडविड्थ आणि वीज दोन्ही गेली. त्याऐवजी चिपवरच्या लाइन बफरमध्ये मोजक्याच ओळी धरून लेयर सलग चालवतात. त्यामुळे चिप निवडताना नुसत्या टॉप्सच्या (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) आकड्यांना भुलू नका, आधी एसरॅम (चिपवरचीच वेगवान मेमरी, लाइन बफर हिच्यातच असतात) किती आहे ते बघा.