जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणावर मासेमारी आणि रविवारी घरच्यांना फिरवणं, दोन्हीला एकच बोट कोणती?

१४ फुटी, ५ फूट रुंद, सपाट बुडाची फायबरची घ्या. हतनूरच्या जलाशयात गाळ फार, खोल बुडाची बोट रुतते. माणसांचा अंदाज: लांबी गुणिले रुंदी (फुटांत) भागिले १५, म्हणजे इथे चारच. पाचवा पाहुणा काठावर थांबेल!

खरी चूक इंजिनात होते. इंजिन बसतं ती बोटीची मागची फळी १५ इंच उंच असेल तर आखूड दांड्याचंच (इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा) इंजिन घ्या. लांब दांड्याचा पंखा चिखल घुसळतो. उलट २० इंची फळीवर आखूड दांडा लावला की पंखा हवा ओढतो, नुसता आवाज.

बोट तरंगत राहायला बाकांखाली फोम भरलेला हवा. जाळी लहान मुलांच्या पायांत नको, पुढच्या झाकणबंद कप्प्यात ठेवा. लाइफ जॅकेट मापाचीच. मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, हे आधी विचारा.