शहरातल्या पार्कात वृक्षारोपण सोडून वर्षभर लोकांना घेऊन काय काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की जवळच्या पार्कात पावसाळ्यात एकदा झाडं लावतात, फोटो काढतात आणि मग वर्षभर तिकडे कुणी फिरकत नाही, तर बाकीच्या महिन्यांत काय करायचं. मी बरीच वर्षं अशाच एका ग्रुपबरोबर पार्कात काम करतोय, त्यातून जे कळलं ते लिहितो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे उपक्रमांची यादी घेऊन बसू नका, आधी पार्कचं कॅलेंडर बनवा. आपल्याला सुट्टी कधी आहे ते नंतर बघू, आधी तिथे पक्षी घरटी कधी करतात, माती कधी ओली असते, तणांना बी कधी धरतं, पानं कधी गळतात ते लिहून काढा. हे आम्हाला सुरुवातीला कुणी सांगितलंच नव्हतं. एका रविवारी पंचवीस-तीस जण जमलो आणि एका कोपऱ्यातली झुडपं सफाई म्हणून तोडली, दोन तासात कोपरा लख्ख, सगळे खूश, आणि मग एका मुलीने तोडलेल्या फांद्यांच्या ढिगात घरटं दाखवलं. आत तीन पिल्लं होती. आम्ही ते घरटं शेजारच्या झाडावर बांधून बघितलं पण सगळा आडोसाच गेला होता, दुसऱ्या दिवशी तिथे काहीच उरलं नव्हतं. ती मुलगी परत आली नाही आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटतं. तेव्हापासून आमचा पक्का नियम आहे की घरट्यांच्या महिन्यांत कोयता, कात्री काही बाहेर काढायचं नाही, कितीही लोक जमले तरी.

मग त्या महिन्यांत लोकांना काय काम द्यायचं? मोजायचं! हे कमी दर्जाचं काम वाटतं पण माझ्या मते सगळ्यात मोठं तेच आहे. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या सुट्टीत टोळ्या करून जास्तीत जास्त पक्षी मारायची स्पर्धा असायची. 1900 साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञाने लोकांना सांगितलं की या वर्षी मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी फक्त 27 लोक होते, 25 ठिकाणी मोजणी झाली, आणि ती मोजणी आजही दरवर्षी होते. एवढ्या वर्षांच्या नोंदी असल्यामुळेच कुठला पक्षी कमी होतोय, कुठला उत्तरेकडे सरकतोय ते सांगता येतं. तसंच 2016 मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांमध्ये पैज लागली की कुणाच्या शहरात जास्त प्रकारचे जीव सापडतात, लोकांनी फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं ॲप आणि वेबसाइट) टाकायचे. तोच आता सिटी नेचर चॅलेंज म्हणून एप्रिलच्या शेवटाला जगभरातली शहरं करतात. तुम्ही तुमच्या एका पार्कपुरता भाग घेऊ शकता. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट नावाची पक्षीमोजणी असते, त्यात तर फक्त पंधरा मिनिटं एका जागी थांबून नोंद केली तरी चालतं, शाळेतली मुलंसुद्धा आरामात करतात.

पण अशा इव्हेंटवरच थांबू नका. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, त्याच वाटेने, त्याच वेळी एक फेरी मारा आणि लिहा. काही दिसलं नाही तर "नाही दिसलं" असं लिहा. लोक इथेच चुकतात, काही नसलं की वही कोरी ठेवतात आणि मग दोन वर्षांनी कळतच नाही की फुलपाखरं नव्हती का आपण गेलो नव्हतो.

आता तण काढणं. हा उपक्रम लोकांना खूप आवडतो कारण फरक लगेच दिसतो आणि नेमकं म्हणूनच त्यात घाई होते. सिडनीत जोन आणि आयलीन ब्रॅडली नावाच्या दोन बहिणी होत्या, 1960 च्या दशकात त्या घराजवळच्या जंगलाच्या पट्ट्यांत रोज फिरायच्या आणि हाताने थोडं थोडं बाहेरचं तण उपटायच्या. त्यांची पद्धत आपल्याला उलटी वाटते. जिथे सगळ्यात जास्त तण माजलंय तिथे जायचंच नाही, जिथे स्थानिक झाडं चांगली आहेत तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू खराब भागाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची, उकरलीच तर वरचा पालापाचोळा परत पसरून ठेवायचा. आणि मूळची झाडं जेवढ्या वेगाने परत उगवतात त्यापेक्षा वेगाने तण काढायचं नाही. कारण मोकळी, उकरलेली, उन्हात पडलेली जमीन म्हणजे तणाला आमंत्रणच, तुम्ही घाणेरीचा मोठा पट्टा एका दिवसात साफ केलात तर पुढच्या पावसात तिथे परत घाणेरीच येणार, वर आणखी दोन नवीन तणं. आम्ही हे केलंय म्हणून सांगतोय. बी पिकायच्या आधी काढा आणि एका वेळी सात-आठ जणांनी, फार तर एका खोलीएवढी जागा.

वृक्षारोपण करूच नका असं मी म्हणत नाहीये. पण ओल्या मातीवर शंभर माणसं उभी केली की माती दबते, आणि बरीचशी दबते ती पहिल्या काही पावलांतच. झाडाची पाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या 30 ते 60 सेंटीमीटर मातीत असतात, तीच माती घट्ट झाली की पाणी खाली जात नाही, हवाही जात नाही, म्हणजे नवी लावता लावता शेजारची जुनी झाडं दुखावतात. म्हणून कमी खड्डे, कमी माणसं, आणि आधी पुढच्या उन्हाळ्याची पाणी घालायची पाळी लिहून घ्या, पाळीला नाव नसेल तर ते रोप लावू नका. आमची पहिल्या वर्षीची निम्म्याहून जास्त रोपं उन्हाळ्यात गेली ती फक्त यामुळे. बुंध्याभोवती 5 ते 10 सेंटीमीटर पालापाचोळा घाला पण खोडाला टेकू देऊ नका, ओल धरून साल कुजते. आणि आधाराची काठी वर्षभराने काढा! ती दोरी तशीच राहून खोडात रुतलेली मी कितीतरी ठिकाणी बघितलीये.

पानगळीला सगळ्यात जास्त वाद होतात. फिरायला येणाऱ्यांना पार्क स्वच्छ पाहिजे आणि त्यांचंही चूक नाही, ओल्या पानांवरून वयस्कर माणूस घसरू शकतो. पण त्या पानांत फुलपाखरांचे, पतंगांचे कोष असतात, काजव्यांच्या अळ्या तिथेच ओल्या मातीत गोगलगायी खाऊन मोठ्या होतात, ते सगळं पोत्यात भरून पाठवलं किंवा पेटवलं की पुढच्या वर्षी काजवे कुठून दिसणार. आम्ही यावर असा तोडगा काढला की वाटा आणि बाकांच्या आजूबाजूची पानं रोज झाडायची आणि ती झाडाखालीच पसरायची, आणि त्या भागाला दगडांची सरळ कड करायची. ती कड केल्यावर तक्रारी जवळजवळ बंद झाल्या, कारण लोकांना दिसलं की हे दुर्लक्ष नाहीये, मुद्दाम ठेवलंय.

उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या, बाकी फार काही नको. रात्रीची एक फेरी ठेवा मात्र, लहान गट, लाल कागद लावलेली टॉर्च. मुलांना सगळ्यात जास्त तीच लक्षात राहते. आणि पार्कवाल्यांना विचारून एका कोपऱ्यातले दिवे रात्री बंद ठेवता येतात का बघा, काजवे जोडीदार शोधतात ते उजेडाच्या खुणांनी आणि आपल्या दिव्यांत त्या दिसतच नाहीत.

हे सगळं करायच्या आधी तिथल्या माळीकाकांशी किंवा मावशींशी बोला, परवानगीचा अर्ज वगैरे आहेच पण त्याच्याही आधी. कुठे पाणी साचतं, कुठल्या ढोलीत पोपट आहेत, कुठलं झाड पोखरलंय हे त्यांना माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारतच नाही. आमचं पहिलं कॅलेंडर अर्ध्याच्या वर एका माळीकाकांनी सांगितलेलंच होतं, वहीत त्यांचं नाव सगळ्यात वर आहे.

तुमच्या पार्कात तळं आहे का ते कळवा, असेल तर तिथलं गणित वेगळं आहे (बदकांना पाव घालणं बंद करण्यापासून सुरुवात करावी लागते), त्याचं सविस्तर लिहितो.