चीनमध्ये सात दिवस, बरोबर शाकाहारी सासूबाई

तुम्ही विचारलंय की सात दिवसांच्या सुट्टीत चीनमध्ये काय बघून होईल, आणि बरोबरची आई शाकाहारी आहे तर तिचे खाण्याचे हाल होतील का. आम्ही तिघं गेलो होतो: मी, नवरा आणि सोलापूरच्या माझ्या सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते), वय सहासष्ट, अंडंसुद्धा वर्ज्य. हाल झाले, पण फक्त पहिल्या रात्री. आणि ते का झाले ते कळल्यावर पुढे झाले नाहीत.

आधी आखणी. शांघाय यादीतून काढा. सात दिवसांत तीन मोठी शहरं केलीत तर आठवणीत फक्त स्टेशनं राहतील. आम्ही बीजिंग आणि शीआन एवढीच धरली, मध्ये अर्ध्या दिवसाचा एक थांबा. त्या थांब्याबद्दल पुढे सांगते. दोन्ही शहरांमध्ये साधारण 1200 किलोमीटर अंतर आहे आणि ताशी 300च्या वेगाने जाणाऱ्या गाड्या ते सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत कापतात. पासपोर्ट हेच तिकीट. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, आणि तिथली माणसं दिवसभर गरम पाणीच पितात. हॉटेलात बसल्या बसल्या गरम पाणी पुढ्यात आलं की आई खूश. "बघा, मी सांगत होते तेव्हा हसत होता," हे वाक्य मी सात दिवसांत निदान वीस वेळा ऐकलं.

आता पहिली रात्र. बीजिंगमध्ये हॉटेलजवळच्या एका लहान खानावळीत "मांस नको" असं फोनवर भाषांतर करून दाखवलं. मुलीने मान डोलावली. फरसबीची सुकी भाजी आली, दिसायला आपल्यासारखीच, लसूण, लाल मिरच्या. आईंनी पहिला घास तोंडात घालायच्या आत मला त्यात बारीक काळपट दाणे दिसले. डुकराचा खिमा. मुलीने फसवलं नव्हतं. तिच्या हिशेबी ती भाजी होती, खिमा नुसता चवीपुरता. तिथे "रौ" म्हणजे ताटातलं मुख्य मांस. चिमूटभर खिमा, चरबी किंवा हाडांचं पाणी त्यात मोजलं जाईलच असं नाही. त्या रात्री आईंनी भात, चिरडलेल्या काकडीची लसूण घातलेली कोशिंबीर आणि पिशवीतली शेंगाचटणी खाल्ली. खरं सांगायचं तर ती काकडी उत्तम होती.

म्हणून "मांस नको" म्हणू नका. "वो ची सू" म्हणा, म्हणजे मी शाकाहार पाळते. हा 'सू' बौद्ध देवळांशी जोडलेला शब्द आहे, त्यामुळे समोरच्याला लगेच कळतं की हा आवडीनिवडीचा नाही, व्रताचा मामला आहे. 素 हे अक्षर पाटीवर दिसलं की आत शिरा. देवळांच्या आसपास अशी हॉटेलं सापडतात. कडक बौद्ध पद्धतीच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, तेव्हा तुमच्याकडे कांदा-लसूण न खाणारी मंडळी असतील तर त्यांचंही भागेल. अंडं नको असेल तर "बू याओ जीदान" हे वेगळं सांगायला लागतं.

एक पदार्थ पाठ करून ठेवा: ती-सान-श्येन. वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची तळून सोया सॉसमध्ये परतलेली. वांगं-बटाटा ज्याला आवडतो त्या मराठी माणसाला तो परका वाटणारच नाही. सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर ज्येनबिंगची गाडी असते. गोल तव्यावर घावनासारखं पीठ पसरतात, वर अंडं फोडतात, सॉस लावतात, आत कुरकुरीत तळलेला पापुद्रा मोडून ठेवतात आणि घडी घालून हातात देतात. आईंनी अंड्याशिवाय मागितल्यावर गाडीवाल्या बाईने दोनदा खात्री करून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला बघताच अंड्यांचा ट्रे बाजूला सरकवला.

बीजिंगमध्ये काय बघावं? फॉरबिडन सिटीची तिकिटं ऑनलाइन, पासपोर्ट क्रमांकासह आधीच काढा, आयत्या वेळी मिळत नाहीत. सोमवारी बंद असते. 1420 साली बांधून झालेला हा राजवाडा प्रचंड आहे, भव्य आहे, आणि माझं प्रामाणिक मत, दोन तासांनी कंटाळवाणा आहे. चौकामागून चौक, आणि मुख्य चौकांत झाड औषधालाही नाही. खरी मजा उत्तरेच्या दाराने बाहेर पडून समोरची चिंगशान टेकडी चढल्यावर. खंदकाची माती टाकून केलेली ही टेकडी. वरून सगळी पिवळी छपरं एका नजरेत दिसतात, आणि मग कळतं की आपण कुठून कुठे चालत आलो.

चीनच्या भिंतीसाठी बादालिंगला जाऊ नका, फार गर्दी. म्युतियानयूला जा, शहरापासून सत्तरेक किलोमीटर. वर जायला केबल कार आहे. उतरायला एक घसरगाडी आहे, तिच्यावरून नवरा लहान मुलासारखा ओरडत गेला. आई म्हणाल्या, "सिंहगड चढायला सांगितला तर याचे गुडघे दुखतात."

पण बीजिंगचं काय आवडलं असं विचाराल तर मी टेंपल ऑफ हेवनचं नाव घेईन, तेही देवळासाठी नाही. सकाळी आठच्या आत जा. बागेत सगळे निवृत्त लोक जमलेले असतात. कोणी पायाने पिसांचं फूल उडवतंय, कोणी लांब ओसरीत पत्ते कुटतंय, कोणी जोडीने नाचतंय. एक आजोबा काठीएवढा ब्रश बादलीतल्या पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. ओळ पूर्ण होईपर्यंत पहिलं अक्षर वाळून गेलेलं असायचं. आई तिथे पाऊण तास उभ्या होत्या.

बदकाचं म्हणाल तर ते नवऱ्याने खाल्लं. भाजलेल्या बदकाच्या चकत्या टेबलाशी उभं राहून कापतात, पातळ पोळीत कांद्याची पात, काकडी आणि गोडसर सॉस घालून गुंडाळायच्या. चांगलं लागतं, महाग असतं, एकदा खावं.

आता तो मधला थांबा. बीजिंगहून शीआनच्या वाटेवर, गाडीने सव्वाएक तासावर शिजियाच्वांग लागतं. पर्यटक तिथे उतरत नाहीत. आम्ही सोलापूरचे, म्हणून उतरलो. शहीदांच्या स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कबर आहे. 1938मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला भारतातून जे पाच डॉक्टर चीनला गेले त्यांतले ते, आणि 9 डिसेंबर 1942ला, वयाच्या 32व्या वर्षी, तिकडेच गेले. आईंनी सोलापुरातलं त्यांचं घर, आता जिथे स्मारक आहे ते, कितीदा पाहिलेलं. पुतळ्याखालच्या चिनी अक्षरांतलं एकही आम्हाला वाचता येत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बत्तीस म्हणजे आपल्या धाकट्याएवढा." मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. बाहेर आल्यावर नवरा एका पावाच्या दुकानासमोर रेंगाळला. फोनचा कॅमेरा पाटीवर धरला तर तो गाढवाच्या मांसाचा निघाला. त्या भागाची खासियत आहे म्हणे. खाल्ला नाही.

शीआनमध्ये मात्र खाण्याची चिंताच मिटली. हा गव्हाचा मुलूख आहे. इथे यौफो-म्येन नावाचे नूडल्स मिळतात. कणकेचा गोळा लांबवून लांबवून ओट्यावर फाडकन आपटतात, पट्ट्याएवढी रुंद पट्टी होते, ती उकळून वाडग्यात. वर तिखट, चिरलेला लसूण, पात. आणि मग कडकडीत तापलेल्या तेलाची पळी थेट त्या तिखटावर. चर्र! फोडणीचा तो वास आला आणि आई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. वरून काळं व्हिनेगर घालून ढवळायचं. त्यांनी पूर्ण वाडगा संपवला आणि निकाल दिला, "चकोल्याच आहेत. वरण घालायचं विसरले." खिमा घातलेला प्रकारही मिळतो, तेव्हा बोट दाखवून 'सू' सांगाच. दुसरा भरवशाचा पदार्थ ल्यांगफी: थंड, गुळगुळीत पट्ट्या, काकडी, मिरचीचं तेल, व्हिनेगर.

ढोलाच्या मनोऱ्यामागे मुस्लिम मोहल्ला आहे. तिथे डुकराचं मांस नसतं, एवढा दिलासा. डाळिंबाचा रस प्या. तिथली पाओमो म्हणजे मटणाच्या रश्शात कुस्करलेला पाव. कुस्करायचं काम गिऱ्हाइकाचं. कच्चट, घट्ट पाव आणि रिकामा वाडगा देतात, आपण वाटाण्याएवढे तुकडे करायचे, मग वाडगा आत जातो आणि रस्सा होऊन येतो. नवऱ्याने बोराएवढे तुकडे केले. वाढणाऱ्या काकांनी वाडग्यात डोकावून पाहिलं, मान हलवली आणि वाडगा परत ठेवला. आईंना राहवेना. मटण त्या खाणार नव्हत्या, पण आयुष्यभर कडक भाकरी आमटीत चुरणारी बाई ती. वाडगा ओढून घेतला आणि पाच मिनिटांत एकसारखा चुरा. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी आपला वाडगा पुढे करून दाखवला, आईंनी त्यांचा पाहिला, दोघी हसल्या. काका या वेळी काही न बोलता वाडगा घेऊन गेले.

मातीच्या सैनिकांसाठी अर्धा दिवस ठेवा. 1974मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना ते सापडले. पहिल्या खड्ड्यात समोरच्या रांगांचे फोटो काढून लोक परततात. तुम्ही मागच्या टोकापर्यंत जा. तिथे मुंडकी, हात, धड असं सगळं विखुरलेलं आणि जोडायचं काम चाललेलं दिसतं. मूळचे रंग उघड्यावर येताच उडून गेले. ज्या पहिल्या चिनी सम्राटाच्या राखणीला हे सैनिक पुरले, त्याची खरी कबर अजून उघडलेली नाही.

आणि रानहंस पॅगोडा चुकवू नका. शाळेत वाचलेला ह्यु-एन-त्संग आठवतो ना? त्याने भारतातून आणलेल्या पोथ्यांसाठी 652 साली हा बांधला. समोर त्याचा पुतळा आहे. तो पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडे, आला होता आणि लिहून गेला की इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. नवरा म्हणाला, "चौदाशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं आईला." आईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी शहराच्या तटावर सायकल मिळते, पूर्ण फेरी 13.7 किलोमीटरची. मी आणि नवऱ्याने मारली, आई खाली शेंगदाणे खात बसल्या.

राहिलेलं थोडक्यात. 1 ते 7 ऑक्टोबर टाळा, अख्खा चीन सुट्टीवर असतो. निघण्याआधी अलीपे या पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपला आपलं कार्ड जोडा, बरीच हॉटेलं टेबलावरचा क्यूआर कोड दाखवतात आणि तिथेच ऑर्डर, तिथेच पैसे. भारतातलं रोमिंग घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. रात्रीचं जेवण सहाला उरका, नऊनंतर खुर्च्या उलट्या होतात. आणि शेंगाचटणी न्या. आमची पुडी शीआनला पोचल्यावर परत उघडलीच नाही, पण पहिल्या रात्री लागते.

परतीच्या बॅगेत आईंनी शीआनचं अर्धा किलो तिखट आणलंय. आता घरी दर गुरुवारी चकोल्यांवर ते तेल ओतलं जातं, वरणासकट.