वाचक विचारतात : प्रीमो लेवी यांचा संताप कोठे आहे?

प्रश्न : प्रीमो लेवी यांचे आउश्वित्झ या नाझी छळछावणीवरील पुस्तक नुकतेच इंग्रजीतून वाचले. एवढे भोगलेल्या माणसाच्या लेखनात संताप जवळपास नाहीच, हे मला खटकले. हा अलिप्तपणा त्यांनी आणला कोठून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याला खटकलेली गोष्ट लेवी यांनी जाणूनबुजून केलेली आहे. साक्षीदाराने शांत, संयत भाषेत बोलावे आणि निवाडा वाचकांवर सोपवावा, असे ते म्हणत. कारखान्यात दर आठवड्याला सादर होणारा अहवाल हा आपला नमुना होता, असेही त्यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे. यात विनय असेल, पण थट्टा नाही. १९१९ मध्ये इटलीतील तूरिन येथे जन्मलेले लेवी पेशाने रसायनतज्ज्ञ होते, आणि छावणीतून परतल्यावरही कित्येक वर्षे ते रंगाच्या कारखान्यात नोकरी करत राहिले.

फॅसिस्टविरोधी बंडखोरांबरोबर डोंगरात असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांची रवानगी आउश्वित्झला झाली. तेथील मोनोवित्झ छावणीचे कैदी कृत्रिम रबराच्या कारखान्यासाठी राबत. रसायनाची परीक्षा घेऊन लेवींना तेथील प्रयोगशाळेत घेतले गेले, तेव्हा एका बिनचिठ्ठीच्या बरणीत त्यांना सिरियम या धातूच्या कांड्या सापडल्या. चाकूने खरवडताच ठिणग्या उडाल्या आणि हा लायटरचा चकमक-दगड, हे त्यांनी ओळखले. मग अल्बेर्तो या मित्रासह रात्री पांघरुणाखाली त्या कांड्या घासून लायटरचे खडे करायचे, गवताच्या गाद्या पेटतील ही धास्ती बाळगायची आणि एकेका खड्यावर एका दिवसाची भाकरी मिळवायची. लेवी हे सारे हिशेबासारखे मांडतात : १२० खडे, म्हणजे दोघांचे प्रत्येकी दोन महिन्यांचे आयुष्य. पुढे छावणी रिकामी करताना अल्बेर्तोला इतरांबरोबर चालवत नेले, तो परतला नाही. स्कार्लेट ज्वरामुळे दवाखान्यात मागे राहिलेले लेवी वाचले.

आपण वाचलेले पुस्तक १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने काढले, तेव्हा त्याच्या अवघ्या २५०० प्रती छापल्या होत्या. १९५८ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते पुन्हा छापल्यावर त्याला खरा वाचक मिळाला.

मात्र संताप नाहीच, असे मला वाटत नाही. तो पाहायचा असेल तर लेवींचे १९७५ मधील ‘आवर्तसारणी’ हे पुस्तक घ्या आणि एकवीस प्रकरणांपैकी ‘व्हॅनेडियम’ आधी वाचा. लेवींच्या कारखान्यातला रंग वाळत नाही म्हणून एका जर्मन कंपनीशी पत्रव्यवहार सुरू होतो. तिकडच्या पत्रात एका रसायनाच्या नावातील ‘फ’च्या जागी ‘प’ येतो, आणि हीच चूक छावणीच्या प्रयोगशाळेतील एक जर्मन साहेब करत असे, हे लेवींना आठवते. पत्र लिहिणारा तोच निघतो. त्याला भेट हवी असते, झाले-गेले मागे टाकायचे असते. लेवी उत्तराचा मसुदा करतात : शत्रूला क्षमा करायला मी तयार आहे, पण पश्चात्तापाची निश्चित चिन्हे दिसली तरच.