खाण्यामुळे पेशींचं सिग्नलिंग बिघडून मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना ४७व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, घरातले सगळे त्यांच्या खाण्यावर खापर फोडतायत आणि तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळालं की आहाराने 'सेल सिग्नलिंग' बिघडतं. मी डॉक्टर नाही, एमएस्सीच्या प्रोजेक्टला वर्षभर आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी प्लेटमध्ये वाढवल्यात, त्या जोरावर सांगतो. खाण्याचा हात असतो हे खरंय, पण घरचे म्हणतायत तसा सरळ हिशोब नाही.

आधी सिग्नलिंग, म्हणजे पेशींना 'हे कर, ते थांबव' सांगणारे निरोप. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात लाखो बारीक खड्डे असतात. खड्ड्याच्या तळाशी स्टेम सेल असतात, त्या सतत नवीन पेशी काढतात, त्या पेशी भिंतीवरून हळूहळू वर सरकतात, वर पोचेपर्यंत विभागणं थांबवून कामाला लागतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. तळाला 'विभागत राहा' असं सांगणारा निरोप असतो त्याला डब्ल्यूएनटी सिग्नल म्हणतात, आणि वर जाऊ तसा तो विरत जातो. पेशीच्या आत हा निरोप पोचवतं बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन. गंमत म्हणजे पेशी ते सारखं बनवते आणि निरोप नसेल तेव्हा लगेच तोडूनही टाकते, आणि तोडायला ते धरून ठेवायचं काम एपीसी नावाचं प्रोटीन करतं. एपीसीच्या जीनच्या दोन्ही कॉपी खराब झाल्या की बीटा-कॅटेनिन साचत जातं, पेशी वर येऊनही स्वतःला तळाशीच समजते, गळून न पडता विभागत बसते. तिथे जो कोंब येतो तोच पॉलिप. आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण १० पैकी ८ वेळा एपीसी बिघडलेला सापडतो. पुढे केआरएएस, पी५३ असे आणखी जीन बिघडत जातात (हा क्रम फिअरॉन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडला), आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं जातात.

आता खाणं यात कुठे येतं? फायबर आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं फॅटी ॲसिड तयार होतं. आतड्याच्या निरोगी पेशींचं मुख्य इंधन हेच. कॅन्सरच्या पेशी मात्र ग्लुकोजवर माजलेल्या असतात, ब्युटिरेट त्या फारसं जाळत नाहीत, मग ते आत साठतं, केंद्रकात डीएनएची गुंडाळी सैल करतं आणि पी२१ सारखे विभागणी थांबवणारे जीन चालू होतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सोडियम ब्युटिरेटची बाटली उघडली की नासलेल्या लोण्याचा, खरं सांगायचं तर उलटीचा वास येतो, अख्खी लॅब शिव्या घालायची. पण ते घातलेल्या प्लेटमधलं लालसर पाणी (पेशींचं खाद्य, ॲसिड वाढलं की पिवळं पडणारं) दोन दिवसांनीही लालसरच असायचं, आणि शेजारच्या साध्या प्लेटचं पिवळं पडलेलं, कारण तिथे पेशी वाढून वाढून ॲसिड सोडत होत्या. अर्थात प्लेटमध्ये मी ते थेट ओतत होतो, पोटात इतकं सोपं नसतं.

उलट बाजूला लाल मांसातलं हीम (रक्ता-मांसाला लाल रंग देणारा लोहयुक्त घटक) अस्तराला चरे पाडतं आणि नायट्रोसो संयुगं वाढवतं, ती डीएनएवर घाव घालतात. जास्त चरबीच्या जेवणाने पित्त जास्त सुटतं आणि बॅक्टेरिया त्याचं डीऑक्सिकोलिक ॲसिड करतात, तेही अस्तराला छळतं. वजन वाढलं की रक्तात इन्सुलिन चढं राहतं आणि ते पीआय३के नावाच्या दुसऱ्या वाटेने पेशीला वाढ वाढ सांगत राहतं. सॉसेज, सलामी असल्या प्रक्रिया केलेल्या मांसाला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २०१५ मध्ये कॅन्सरकारक म्हटलं, रोज ५० ग्रॅममागे धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांचं गणित. पण हे १८ टक्के तुमच्या मूळ धोक्याचे, म्हणजे १०० जणांत ५ जणांना होणार असेल तर ६ जणांना, १८ जणांना नव्हे. व्हॉट्सॲपवर हे कोणी सांगत नाही.

मग फायबर खाल्लं की झालं? तर नाही. २००० साली दोन मोठ्या ट्रायल आल्या, ज्यांचे पॉलिप काढले होते त्यांना तीन-चार वर्षं जास्त फायबर दिलं आणि नवे पॉलिप काही कमी झाले नाहीत. माझं मत असं की एपीसी एकदा गेला की डाळभाजीने तो परत येत नाही, खाण्याचा परिणाम आधीच्या वीसतीस वर्षांत होत असतो. तरी अस्तर किती लवकर दखल घेतं बघा, २०१५ मध्ये २० आफ्रिकन-अमेरिकन आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकन लोकांचा आहार (पहिल्यांचा मांस-चरबीचा, दुसऱ्यांचा फायबरचा) दोनच आठवडे अदलाबदल केला, तर पहिल्यांच्या अस्तरातली पेशींची विभागणी कमी झाली आणि दुसऱ्यांची वाढली. ती कॅन्सरची मोजणी नव्हती हे मात्र लक्षात ठेवा.

तुमच्या बाबतीत मला खाण्यापेक्षा ते ४७ वय खटकतंय. इतक्या लवकर निघाला तर गाठीची एमएसआय किंवा मिसमॅच रिपेअरची टेस्ट (डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलीय का ते बघणारी) झाली का हे रिपोर्टमध्ये बघा, नसेल तर ऑन्कॉलॉजिस्टला विचारा. लिंच सिंड्रोम निघाला तर तो याच दुरुस्ती यंत्रणेचा, आईवडिलांपैकी एकाकडून आलेला बिघाड असतो, वडिलांच्या ताटाला दोष देऊन उपयोग नाही, आणि घरात ज्यांच्यात तो सापडतो त्यांची कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने आतड्याची तपासणी) विशीतच सुरू करून दर १-२ वर्षांनी करतात. तसं काही नसलं तरी पहिल्या कोलोनोस्कोपीचा नियम असा की ४०व्या वर्षी किंवा वडिलांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा, म्हणजे तुम्हा भावंडांना ३७. आणि त्याआधी शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध असेल म्हणून घरी बसू नका.