'रबर' हा शब्द प्रीस्टलीने घडवला का?

प्रश्न असा आहे : 'रबर' हा शब्द ऑक्सिजनच्या शोधामुळे माहीत असलेल्या जोसेफ प्रीस्टलीने घडवला, असं वाचायला मिळतं. तो तर पाद्री होता. मग हे खरं का?

नोंद त्याची आहे, शब्द त्याचा नाही. १७७० मध्ये त्याने चित्रातल्या पर्स्पेक्टिव्हवर, म्हणजे सपाट कागदावर जवळ-दूरचा भास कसा आणायचा यावर, एक पुस्तक काढलं. मजकूर छापून झाल्यावर त्याला एक टीप जोडावीशी वाटली. शिसपेन्सिलीच्या रेघा कागदावरून पुसायला अत्यंत उपयोगी असा एक पदार्थ आपल्या पाहण्यात आला आहे, असं तो सांगतो. उपकरणं बनवणारे नेअर्न लंडनच्या रॉयल एक्स्चेंजसमोर तो विकतात, साधारण अर्ध्या इंचाचा ठोकळा तीन शिलिंगला मिळतो आणि कित्येक वर्षं टिकतो असं ते म्हणतात. टिपेत किंमत आहे, पत्ता आहे, पण 'रबर' नाही. नुसतं 'एक पदार्थ' एवढंच. 'रब' म्हणजे घासणं, त्यावरून घासायच्या कुठल्याही वस्तूला 'रबर' म्हणायची रीत इंग्रजीत आधीचीच. तेच नाव पुढे या वस्तूला चिकटलं.

आता पाद्र्याबद्दल. तो राजमान्य चर्चचा नव्हता. १६६२च्या कायद्याने इंग्लंडमधल्या सगळ्या धर्मोपदेशकांवर एकच प्रार्थनाग्रंथ सक्तीचा केला, तेव्हा सुमारे दोन हजार जण बाहेर पडले. त्यांच्या परंपरेतल्यांना नॉनकन्फॉर्मिस्ट म्हणतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी त्यांना बंद होती, म्हणून त्यांनी आपल्या अकादमी काढल्या. प्रीस्टली डॅव्हेंट्रीच्या अकादमीत शिकला आणि १७६१ पासून वॉरिंग्टनला शिकवू लागला. भाषा, इतिहास, वीज, वायू, धर्मशास्त्र अशा इतक्या विषयांवर त्याने लिहिलं की पर्स्पेक्टिव्हच्या पुस्तकाचं नवल वाटू नये. १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या दंगलीत जमावाने त्याचं घर, ग्रंथसंग्रह आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. १७९४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १८०४ मध्ये तिथेच वारला.

शब्दांच्या वाचकांनी त्याचं १७६१चं इंग्रजी व्याकरण मात्र जरूर पाहावं. लॅटिनच्या साच्यात इंग्रजी कोंबायचा तो काळ. प्रीस्टलीचं म्हणणं असं की लोक जसे बोलतात तेच भाषेचं मूळ आणि एकमेव न्याय्य प्रमाण. भाषेचे निकाल देणारी सरकारी अकादमीही त्याला नको होती. माझ्या मते त्याचं हे काम ऑक्सिजनच्या सावलीत उगाच झाकलं गेलं. ज्याने शब्दांवरचा हक्क बोलणाऱ्यांना दिला, त्याच्या नावावर दुसऱ्यांचा शब्द मांडणं त्यालाच रुचलं नसतं.

मराठीत हा शब्द पदार्थाचं नाव होऊनच रुळला. त्यातला 'घासणारा' हा अर्थ आपल्या कानाला लागत नाही, म्हणून पुसायच्या तुकड्यासाठी पुढे 'खोड' लावून 'खोडरबर' करावं लागलं.