शून्याची यादी देण्याआधी

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे ई-पुस्तकांचा संच वर्गणीनं घेतलाय. विक्रेत्याच्या तक्त्यात एकूण वापर भरपूर दिसतो, पण बऱ्याच पुस्तकांपुढे शून्य आहे. प्राचार्य म्हणतात, शून्याची यादी द्या, ती पुस्तकं बंद करू. काय करावं?

उत्तर : ताई, आधी तो एकूण आकडा नेमका कशाचा आहे ते विक्रेत्याला विचारा. एखाद्या मुलीनं एका बैठकीत एकाच पुस्तकाची दहा प्रकरणं उघडली, तर तक्त्यात दहा लागतात. दुसऱ्या संकेतस्थळावर अख्खं पुस्तक एकाच पीडीएफमध्ये उतरतं, तिथं तेच वाचन एक भरतं. म्हणूनच ‘काउंटर’ या ई-साहित्याचा वापर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीत (२०१९ पासून लागू) खास पुस्तकांसाठी ‘युनिक टायटल रिक्वेस्ट्स’ हा आकडा आला; त्यात एका बैठकीत एक पुस्तक कितीही उघडलं तरी एकदाच मोजलं जातं. तोच मागा. वर्गणीला त्यानं भागा, म्हणजे एका वापरामागचा खर्च कळेल.

सोबत ‘टीआर-बी२’ अहवालही घ्याच. माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच, आणि मागितल्याशिवाय तो सहसा कुणी देत नाही. पुस्तक उघडायला गेलेली पण परत फिरलेली मुलं त्यात दिसतात. पुस्तक वर्गणीत नव्हतं म्हणून, की एका वेळी वाचणाऱ्यांची मर्यादा भरली म्हणून, हेही वेगवेगळं लिहिलेलं असतं. मर्यादा भरत असेल, तर त्या पुस्तकाच्या प्रती वाढवायला हव्यात.

आता शून्य. संच एकगठ्ठा असेल तर त्यातली चार पुस्तकं काढून पैसे वाचत नाहीत, हे प्राचार्यांना स्पष्ट सांगा. तेच पुस्तक एन-लिस्टवर (महाविद्यालयांना ई-पुस्तकं पुरवणारी राष्ट्रीय योजना) आहे का, तेही ताडून पाहा. मराठी माध्यमातून बी.ए. करणाऱ्यांपुढे सगळा इंग्रजी संच ठेवला असेल, तर निवड चुकली. मुलांना बोल लावू नका. आकडे महिनावार मांडा. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असते तेव्हा आपल्याकडे वर्गच ओस असतात. शिवाय एकानं उतरवलेलं प्रकरण व्हॉट्सॲपवरून वर्गभर फिरतं. तक्त्यात ते एकदाच दिसतं.

आणखी एक कराच. वाचनकक्षात काही मुलांना बसवा, त्यांच्याच मोबाइलवर एक पुस्तक उघडायला सांगा आणि मध्ये न बोलता बघा. आमच्या कॉलेजात बहुतेक पोरं लॉगिनपाशीच अडली. ‘सर, पासवर्डच नाही भेटला.’ शोध घेतला तर प्रवेशअर्ज भरताना नेट कॅफेवाल्यानं ई-मेलच्या रकान्यात स्वतःचाच पत्ता टाकलेला. पासवर्ड तिकडे जाऊन पडलेले.

तुमच्याकडचे ई-मेल आधी तपासून दुरुस्त करून घ्या. एक सत्र जाऊ द्या. प्राचार्यांना तेवढी मुदत लेखी मागा, आणि मगच शून्याची यादी काढा.